मागचा डावा पाय

म्हातारी चढावर बसली ती बसलीच.

म्हातारी म्हणजे आमची पिकअप. सासूबाई घरी होत्या आणि चांगल्या ठणठणीत होत्या, हे आधीच सांगून ठेवते. कारण त्या दिवशी फोनवर मी "म्हातारी गेली" एवढंच बोलले आणि दोन नातेवाईक डोळे पुसत दारात येऊन उभे राहिले. सासूबाईंनीच त्यांना चहा करून दिला आणि वर "बसा, मी मेल्यावर परत या" असंही सांगितलं.

मागे हौद्यात मिरचीची रोपं होती. आमची रोपांची नर्सरी. काळ्या ट्रेमध्ये बी टाकायचं, नेटच्या सावलीत रोप वाढवायचं, अंगात जरा जोर आला की शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन पोचवायचं. लागवडीच्या दिवसांत ऊन चढायच्या आत रोप पोचलं पाहिजे, नाहीतर मान टाकतं. आणि आम्ही चढाच्या मध्यावर. हे गाडीखाली शिरले. मी ओढ्यावरून बादल्या आणून पोती ओली करत होते आणि रोपांवर पसरत होते. अंगातला ह्यांचा जुना शर्ट पाठीला चिकटला होता. हे गाडीखालून काहीतरी पुटपुटत होते, ते मला ऐकू येऊ नये असंच होतं.

मेकॅनिक आला, त्याने वाकून पाहिलं आणि हात पुसले. अजून कशालाच हात लावला नव्हता तरी पुसले, तेव्हाच मी समजले.

"हिला आता सोडा," तो म्हणाला. "किती दिवस ओढणार?"

तेवढ्यात भावजी आले. भावजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. नर्सरीत पेरणी, पाणी, ट्रे धुणं हे आमचं. ऑर्डरी घेणं, फोनवर बोलणं, उधाऱ्या मागणं हे भावजींचं. माणूस गोड. बोलायला लागला की दगडसुद्धा मान डोलवेल. मोटारसायकलवरून न उतरता त्यांनी म्हातारीकडे पाहिलं.

"दादा, झालं हिचं. आता आपण नवीनच घेऊ," भावजी म्हणाले. "आणि वहिनी, आपण एवढे ट्रे त्या झाडाखाली नेऊन ठेवू."

भावजींचं हे "आपण" आमच्या घरात गाजलेलं होतं. "आपण ट्रे धुऊन टाकू" म्हणजे मी धुवायचे. "आपण खाली वाकून बघू" म्हणजे ह्यांनी वाकायचं. सासूबाई म्हणायच्या, ह्याच्या आपणमध्ये हा सोडून सगळे असतात. मी ट्रे झाडाखाली नेऊन ठेवले. भावजी फोनवर बोलत उभे राहिले.

*

शोरूमला जाताना मी सोबत एक रिकामा ट्रे घेतला. ह्यांना लाज वाटली. "अगं, गाडी बघायला चाललोय, भाजी आणायला नाही." मी ऐकलं नाही. कपडा घ्यायचा असला की माणूस अंगाला लावून बघतो, मग गाडी तशीच कशी घ्यायची?

आत गार हवा होती. फरशी इतकी गुळगुळीत की मी चपला बाहेर काढल्या आणि टाय लावलेला पोरगा म्हणाला, राहू द्या, राहू द्या. तोवर माझे काळे पाय त्याच्या फरशीवर उमटले होते. तो हसला नाही, पण पाहिलं मात्र.

एक पांढरी गाडी उभी होती. आमच्या म्हातारीचंच मॉडेल, फक्त कोरं. मी मागून चढले आणि हौद्यात ट्रे ठेवून बघितला. आडवा लावला, उभा लावला, बोटांनी मोजत गेले. अगदी म्हातारीसारखंच. म्हणजे आमची लोखंडी मांडणी जशीच्या तशी आत बसणार होती. ही मांडणी म्हणजे हौद्यात उभं राहणारं लोखंडी कपाट समजा. कप्प्याकप्प्यांवर ट्रे सरकवायचे. ह्यांनी स्वतः जोडून घेतलेली होती.

एवढंच होतं, की मांडणीचा मागचा डावा पाय दोन बोटं आखूड होता. म्हातारीच्या हौद्याला त्या कोपऱ्यात भोक पडलं होतं, तिथे ह्यांनी फळी टाकून वर पत्रा ठोकला होता. कोपरा वर आला, मग मांडणीचा पाय ह्यांनी करवतीने कापला. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. भावजींनी जन्मात मांडणीला हात लावला नव्हता. त्यांना तिला चार पाय आहेत की तीन, हेसुद्धा सांगता आलं नसतं. नव्या गाडीत त्या पायाखाली एक तुकडा जोडला की झालं काम.

मग मी पुढे जाऊन बसले. स्टीअरिंगच्या चाकावर हात ठेवला. बोटांच्या पेरांत कोकोपीट, म्हणजे ट्रेत भरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, बसलेलं असतं आमच्या, कितीही घासा, निघत नाही. मला गाडी चालवता येत नव्हती, पण म्हटलं शिकेन. ह्यांच्या पाठीत दुखतं, लागवडीच्या दिवसांत रोज पहाटे दोन खेपा. एक मी मारेन. मी तिथेच, त्या सीटवर, सगळं ठरवून टाकलं होतं.

"ही द्या," मी खिडकीतून म्हटलं.

भावजींनी टायवाल्याला बाजूला घेतलं. परत आले तेव्हा चेहरा डॉक्टरसारखा.

"वहिनी, हे मॉडेल बंद होतंय. कंपनी सगळं बदलतेय. आपण आज ही घेतली आणि दोन-चार महिन्यांत नवीन आली, तर आपलं हसं होईल."

"काय बदलतेय?"

"सगळंच! पुढचं तोंड, दिवे, स्टीअरिंग एका बोटाने फिरतं. आत गार हवा. मागे माणसांना बसायला आणखी एक सीट."

"मागे सीट? मग हौदा?"

भावजींनी टायवाल्याकडे पाहिलं. टायवाल्याने फरशीकडे.

"हौदा थोडासा आखूड," तो म्हणाला.

"थोडासा म्हणजे किती? ह्या ट्रेएवढा?"

"साधारण."

"मग मांडणी बसत नाही," मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं. "आणि गार हवेत कोणाला बसायचंय? मला ऊन लागत नाही, रोपांना लागतं."

माझा नवरा असा आहे, की ट्रेमध्ये एक खाच रिकामी गेली तर त्याला जेवण जात नाही. तो आता माझ्या बाजूने बोलणार, मी धरूनच चालले होते. हे त्या पांढऱ्या गाडीच्या चाकाला हात लावून उभे होते.

"थांबू," हे म्हणाले. "घाई नको. नवीन बघूनच ठरवू."

चारचौघांत नवऱ्याशी वाद घालायची मला हौस नाही. ट्रे काखेत मारला आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

*

मग थांबणं सुरू झालं. घर चालवणं सोपं, थांबणं अवघड. कारण रोपं थांबत नाहीत. वेळेवर नेलं नाही तर रोप उंच चढतं, लुकडं होतं, मुळं ट्रेच्या बुडातून बाहेर येतात आणि मग शेतकरी हातात धरून म्हणतो, हे काय दिलंत? त्याचं बरोबरच असतं.

भाड्याचा तीनचाकी टेम्पो ठरवायचो. टेम्पोवाला यायचा त्याच्या सवडीने. त्याच्या हौद्यात मांडणी कशीबशी तिरकी मावायची, आणि आखूड पायाखाली लाकडाचा ठोकळा सरकवावा लागायचा. निम्मे ट्रे मावायचे, निम्मे मागे राहायचे. दुसऱ्या खेपेला टेम्पोवाल्याला दुसरं भाडं मिळालेलं असायचं.

रात्री जेवताना भावजी फोन काढायचे. नवीन गाडीचे फोटो. "दादा, हे बघ, आरसे बटणावर फिरतात." हे घास हातात धरून वाकून बघायचे. "दिवे चांगले आहेत," म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या लग्नाला एवढे फोटो नव्हते." मी विचारायचे, येणार कधी? भावजी म्हणायचे, "आता आलीच. आपण एवढं थांबलो, अजून थोडं." रोज आलीच. जावई रुसून बसल्यासारखी ती गाडी रस्त्यातच कुठेतरी अडून बसली होती.

मी एकदा म्हटलं, "आरसे बटणावर फिरोत की तोंडाने बोलोत, हौदा आखूड आहे ना? मांडणीचं काय करायचं?"

"नवीन करू," हे म्हणाले. मान वर न करता.

"कापून लहान?"

"बघू म्हटलं ना."

धाकटी, म्हणजे भावजींची बायको, त्या दिवसांत माहेरीच होती. तिच्या वडिलांची तब्येत नरम आहे असं आम्हाला सांगितलं होतं. मी तिलाही फोनवर म्हटलं, तुझ्या नवऱ्याला सांग गं, गाडीचं मनावर घ्या म्हणावं. ती म्हणाली, "हो ताई, सांगते ना." आणि हसली. मला वाटलं, बिचारी, वडील आजारी असून हसते.

मग विहिरीवाल्यांची ऑर्डर आली. विहिरीवाले म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे एकदा रोपं गेली की आजूबाजूचे चार मळे आपोआप येतात. टोमॅटोची रोपं होती. मी स्वतःच्या हाताने बी टाकलेलं, एकेका खाचेत एकेक, बोटाने दाबून. अशी रोपं उतरली होती की बघत बसावं. टेम्पो उशिरा आला. हे पुढे बसले, मी मागे मांडणीला धरून. त्यांच्या मळ्यात वळताना चाक खड्ड्यात गेलं, ठोकळा निसटला, आणि मांडणी त्या आखूड पायावर अशी झुकली की वरचे तीन कप्पे माझ्या अंगावरून खाली गेले. त्यांच्याबरोबर मीही.

चिखलात गुडघ्यांवर बसून मी रोपं वेचत होते. मुळाचा गोळा फुटला की रोप गेलंच, तरी मी वेचत होते, हात थांबतच नव्हते. लागवडीच्या बाया ओळीत उभ्या राहून बघत होत्या. एक जण माझ्या मदतीला वाकली, तिला मुकादमाने हटकलं. विहिरीवाले स्वतः बांधावर आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"ताई, आता एक गाडी घ्या की," ते हळू म्हणाले. "आणि पुढच्या वेळी आम्ही दुसरीकडे बघितलं तर राग मानू नका."

घरी आल्यावर ह्यांनी मला पायरीवर बसवलं. माझा गुडघा फुटला होता. स्वतः कोमट पाणी आणलं, चिखल धुतला, औषध लावलं, फुंकर घातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझ्या पायाला असा हात कधी लावला नव्हता. मला रडूच आलं.

"नवीन गाडी आली की असं होणार नाही," हे म्हणाले. "तू अजिबात काळजी करू नकोस."

मी म्हटलं, जाऊ द्या, एवढं थांबलो तर थांबू अजून. माझ्याच तोंडाने म्हटलं.

*

ठिणगी आला तेव्हा मी अंगणात ट्रे धूत होते. ठिणगी म्हणजे वेल्डर. वडिलांचं दुकान नुकतंच त्याच्या हातात आलं होतं. शर्टावर सगळीकडे जळल्याची भोकं, म्हणून ठिणगी. सासूबाई सावलीत बसून दोऱ्या सोडवत होत्या. ठिणगीच्या हातात माप घ्यायची टेप होती आणि तोंडभर हसू.

"वहिनी, पेढे कुठायत?"

"कशाचे रे?"

"घ्या! गाडी घेतली ती आम्ही बाहेरून ऐकायची का? पांढरी ना? शोरूमला बघून आलो. काय चकाकते! मांडणीचं माप घ्यायला आलोय. उद्या गाडी हातात मिळणार, उद्याच बसवायची, असा हुकूम आहे."

माझ्या हातातला ट्रे पाण्यात पडला. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की ओल्या हाताने मी तोंडच झाकलं. मनात म्हटलं, बघ, माणूस बोलत नाही, पण माझा गुडघा बघून ह्याच्या पोटात तुटलं. मला न सांगता, गुपचूप, तीच पांढरी गाडी. मी त्याला घरामागे ओढून आणून ठेवलेल्या म्हातारीकडे घेऊन गेले, मांडणी परत तिच्याच हौद्यात ठेवलेली होती, वरचं पोतं काढलं, मांडणीवरची धूळसुद्धा शर्टाच्या बाहीने पुसून दिली.

ठिणगी माप घ्यायला लागला. मी टेपचं दुसरं टोक धरलं.

"मागे लोखंडी अक्षरांत नावपण टाकायचंय," तो म्हणाला. "अक्षरं कापून ठेवलीत."

"कोणाचं नाव?"

त्याने सांगितलं. धाकटीचं.

मी म्हटलं, "चुकून सांगितलं असेल."

"चुकून कसं? गाडीच तुमच्या भावजींच्या नावावर आहे. त्यांच्या सासऱ्यांनी निम्मे घातलेत म्हणे. आता वाहतुकीचा धंदा त्यांचा स्वतंत्र." बोलता बोलता ठिणगीचा आवाज बारीक होत गेला. "वहिनी, तुम्हाला... म्हणजे मला वाटलं..."

टेपचं टोक माझ्या हातातून सुटलं आणि सर्रकन त्याच्या डबीत गेलं.

पहिला विचार काय आला सांगू? ह्यांचा. माझ्या नवऱ्याचा. ह्या साध्या माणसाला त्याच्या सख्ख्या भावाने तोंडाला पानं पुसली. रोज जेवताना फोटो दाखवत होता, आपण थांबू, आपण थांबू, आणि आतून स्वतःची गाडी ठरवत होता. हे ऐकून ह्यांचं काय होईल? माणूस कोलमडेल. मी पाय पुसायलाही न थांबता नेटकडे निघाले. कसं सांगायचं, आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग हळूहळू बोलायचं, असा सगळा बेत चालता चालता केला.

"वहिनी," ठिणगी मागून म्हणाला, "एवढंच सांगा, हा मागचा डावा पाय आखूड दिसतोय. तो तसा करायचा नाही ना? चारही पाय सारखे ठेव, नव्या गाडीचा तळ सपाट आहे, असं बजावलंय मला. तरी विचारून घेतो, नंतर बोलणं नको."

मी थांबले.

त्याला कोणी बजावलं, हे मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तो पाय आखूड आहे हे घरात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक मी तिथे ओल्या पायांनी उभी होते.

"सारखे ठेव," मी म्हटलं. "सांगितलंय तसंच कर."

सासूबाईंच्या हातातली दोरी थांबली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोरीकडे पाहायला लागल्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुला सांगितलं असेल," त्या म्हणाल्या. एरवी ह्या बाईला बोलण्यात कोणी हरवायचं नाही. त्या दिवशी एवढंच बोलल्या.

*

हे नेटखाली ट्रे भरत होते. कोकोपीटचा ढीग, त्यात दोन्ही हात कोपरापर्यंत. मी समोर येऊन बसले, एक ट्रे ओढला आणि भरायला लागले. रागात असले तरी माझे हात रिकामे राहत नाहीत, ही माझी खोड आहे.

"ठिणगी आला होता," मी म्हटलं.

"हं."

"माप घेऊन गेला."

"नीट घेतलं ना?" हे बोलून गेले. आणि मग ह्यांचे हात ढिगातच थांबले.

बाजूच्या ट्रेमधल्या पानांवरून पाणी टपटपत होतं. मी ट्रे भरून बाजूला ठेवला, दुसरा घेतला.

"बोला आता," मी म्हटलं.

ह्यांनी ढिगातून हात काढून एकमेकांवर झटकले. मग एकदम बोलले, पाठ करून ठेवल्यासारखे. "तो वेगळा व्हायचं म्हणत होता. नर्सरी अर्धी करा म्हणत होता. मधून तार ओढायची, टाकी एकाकडे, मोटार दुसऱ्याकडे. नेट मधोमध फाडायचं. मग काय उरलं असतं? मी म्हटलं, गाडी तू घे, वाहतूक तुझी, पण नर्सरीला हात लावू नकोस. त्याच्या सासऱ्यांचे पैसे जमेपर्यंत गाडी शोरूमलाच अडकवून ठेवायची होती. आम्ही ठरवलं तसं."

"आणि मला नवीन मॉडेल."

"तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"घेतलंच असतं. का घेऊ नये? माझ्या घराचंच घेतलं असतं ना, शेजाऱ्याच्या तर नाही?"

"मग त्याचे सासरे मागे सरले असते. सगळं फिसकटलं असतं. म्हणून आम्ही म्हटलं, थोडे दिवस..."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"अगं, आम्ही म्हणजे... मी, तो. आईला सांगावं लागलं."

लहान पोरालाही कळतं. आपण म्हटलं की ऐकणारा आत, आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर. भावजींच्या आपणवर मी इतकी वर्षं हसत आले. ह्यांचं आम्ही मी कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्याच्या बाहेर मी कधी उभी राहिले नव्हते. निदान माझी तशी समजूत होती.

"म्हणजे नवीन गाडी घ्यायची नव्हतीच," मी म्हटलं. "ते फोटो, ते आरसे, 'दिवे चांगले आहेत'. ताटावर बसून तुम्ही दोघं रोज नाटक करत होतात. बघणारी मी एकटीच."

हे कोकोपीटमधला एकच खडा बोटांत चुरत राहिले.

"भावजींचं मला नवल नाही. ते परके होते, आज कळलं इतकंच. पण विहिरीवाल्यांकडे मी चिखलात पडले तेव्हा गाडी ठरलेली होती?"

ह्यांनी मान हलवली. हो अशी.

"आणि घरी येऊन माझा गुडघा धुतलात. फुंकर घातलीत. तेव्हाही ठरलेली होती."

"ते खोटं नव्हतं गं," हे म्हणाले. "ते मनापासून होतं."

हाच तर घात होता. मलाही माहीत होतं, ते मनापासून होतं. नसतं तर मी कोकोपीटसकट तो ढीग त्यांच्या डोक्यावर ओतला असता आणि मोकळी झाले असते. आता ती फुंकर घेऊन मी कुठे जाऊ? जखम भरली होती, तरी गुडघा ठणकायला लागला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी गाडी दारात आली. मागे धाकटीचं नाव, आत चार सारख्या पायांची कोरी मांडणी. ठिणगीने काम चोख केलं होतं. हलवून बघितली, तसूभर डुगडुगली नाही. भावजी उतरले, मला बघून क्षणभर गडबडले, पण गोड माणूस गडबडून गडबडणार किती?

"वहिनी, रागावलात ना? रागवा. तुमचा हक्कच आहे. पण गाडी घरातलीच समजा. भाड्याचं आपण नंतर बघू. वांग्याची रोपं न्यायचीत ना आज? चला, आपण भरून टाकू."

ह्यांना वाटलं असेल, मी आता तोंड सोडणार. शेजारची दोन माणसंही त्याच आशेने कुंपणापाशी आली होती. मी बाह्या वर सारल्या. वांग्याची रोपं चढायला आली होती, अजून एक दिवस ठेवली असती तर वाया गेली असती. रोपांनी माझं काय वाकडं केलं होतं? मी एकेक ट्रे उचलला, हौद्यात चढून कप्प्यात सरकवला. ट्रे मांडणीत बसला की लोखंडावर घासल्याचा एक आवाज येतो. शोरूममध्ये हौद्यात चढले होते तेव्हाच तो माझ्या कानात वाजला होता. अगदी तसाच आला.

भरून झाल्यावर उतरले. पुढचं दार उघडंच होतं. स्टीअरिंगवर अजून प्लास्टिक होतं, आणि प्लास्टिकखाली, वरच्या बाजूला, काळसर बोटांचे ठसे. टायवाल्याने न पुसताच वर प्लास्टिक चढवलं असावं. मी दार लावलं.

गाडी गेली. भावजींनी वळणावर हॉर्न वाजवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मी नेटखाली आले. पुढची पेरणी होती. ट्रे मांडले, बियांची वाटी घेतली, एकेका खाचेत बोट खुपसून बी टाकायला लागले. थोड्या वेळाने हे आले. हातात दोन कप. ह्यांनी स्वतः चहा केला होता, साखर सांडून, हात भाजून घेऊन, ते कपांकडे आणि बोटांकडे बघूनच कळत होतं. ढिगाच्या कडेला माझ्यासाठी पोतं अंथरलं.

"ये," हे म्हणाले. "आपण चहा घेऊ."

"तुम्ही घ्या," मी म्हटलं. "आम्ही नंतर घेऊ."

ह्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

तिथे कोणीच नव्हतं.